पाहुणे येतात, त्यांना घ्यायला कोण जातं?

(आपल्या १९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना घाईत राहिलेल्या एक-दोन गोष्टी इथे भरल्या आहेत.)



शाळेत असताना मला भाषणाला उभं केलं की मी पाठ केलेलं विसरायचे आणि बाई पडद्याआडून पहिली ओळ सांगायच्या. आज बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे मी कागद आणलाय.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. गेले चार महिने आपल्या ग्रुपवर एकच चर्चा चालू आहे. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर मिळून एक पर्यटन मंच काढायचा, आपल्या तुकडीने पुढाकार घ्यायचा. कल्पना चांगली आहे. चर्चा मात्र तिसऱ्या दिवशीच "अध्यक्ष कोण?" इथे पोचली आणि तिथेच राहिली. कोणीतरी माझं नाव सुचवलं. कारण दिलं होतं, "ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, ॲप करून देईल." अध्यक्षपदासाठी इतकी कमी पात्रता पुरते हे मला नव्याने कळलं.

मी नाही का म्हणाले, ते सांगायला उभी आहे. आणि ते सांगायचं तर आधी एक कबुली द्यावी लागेल.

ॲप मी आधीच एकदा केलं होतं. २०१८ साली, रविवारी दुपारी बसून. ॲप कसलं, मोबाईलवर उघडणारा साधा नकाशा. शिवमंदिर, कोंडेश्वर, बारवी धरण, शहाडचं बिर्ला मंदिर, उल्हासनगरचे बाजार. प्रत्येक ठिकाणाला स्टेशनपासूनची वाट, रिक्षा कुठून मिळते, आजूबाजूला काय खायला मिळतं. लोकांना आवडला. मलाही स्वतःचं कौतुक वाटलं. मग नोकरी, मुलीची शाळा, आणि नकाशा तसाच पडून राहिला. चालू होता, पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

२०२२ च्या जुलैत डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा निरोप आला. त्यांचा मुलगा आणि त्याचे मित्र माझा नकाशा बघून कोंडेश्वरला निघाले होते. पावसाळ्यात तिथे जायला जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश असतो, पोलिसांनी पोरांना वाटेत अडवून परत पाठवलं. पोरं परत गेली नाहीत. माझ्या नकाशावर दुसरी एक पायवाट दाखवली होती, त्या वाटेने गेली. काही झालं नाही. संध्याकाळी चिखलाने भरून घरी आली. पण त्या गृहस्थांनी एवढंच लिहिलं होतं, "मॅडम, तुमच्या नकाशावर वाट उघडी होती."

त्या रात्री मी नकाशा बंद केला. झोप लागली नाही. आणि मला १९९५ चा जुलै आठवला.

आपल्यातले आठ जण इथे आहेत जे त्या दिवशी बरोबर होते. अकरावीचे प्रवेश चालू होते, घरी कॉलेजच्या फॉर्मचं कारण सांगून आपण बदलापूर पूर्वेहून भोजच्या बाजूने चालत कोंडेश्वरला गेलो होतो. आपल्यातला एक जण कुंडाच्या कडेला शेवाळावरून घसरला आणि पाण्यात गेला. गुरं घेऊन आलेला एक माणूस पलीकडे बसला होता. त्याने धावत येऊन आपली लांब काठी पुढे केली, दुसऱ्या हाताने झाडाचं मूळ धरलं, आणि याला ओढून काढलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, "वरून पाणी गप दिसतं, खाली ओढ असते. पलीकडच्या दगडावर बसायचं, इकडे नाही." आपण घाबरून पळालो. त्याचं नाव विचारलं नाही. साधे आभार मानल्याचंही मला आठवत नाही. पाण्यात गेलेले सद्गृहस्थ आज इथे दुसऱ्या रांगेत सहकुटुंब बसले आहेत. वहिनींना हा प्रसंग ठाऊक नसावा, म्हणून नाव घेत नाही.

त्या गुराख्याला जे ठाऊक होतं ते माझ्या नकाशात नव्हतं. मनाईचा कागद निघतो त्या कार्यालयातून तो माझ्या नकाशापर्यंत पोचेल अशी वाट नव्हती. पोलिसांना माहीत नव्हतं की पोरं कुठला नकाशा बघून येतात. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. ते तुकडे एकत्र आणणं हे कोणाचंच काम नव्हतं. मंच काढायचा तर तो या कामासाठी काढावा, असं मला वाटतं. आणि अध्यक्ष नेमून हे काम होत नाही, हेही तितकंच वाटतं.

आता आपल्याकडे येतं कोण, ते बघू. पर्यटक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॅमेरा लटकवलेला परदेशी माणूस येतो. तसा इथे वर्षाकाठी किती दिसतो? पण महाशिवरात्रीला आदल्या रात्रीपासून शिवमंदिराची रांग लागते. श्रावणी सोमवारी लोकल भरून माणसं उतरतात. लग्न ठरलं की आख्ख्या ठाणे जिल्ह्यातली कुटुंबं उल्हासनगरला खरेदीला जातात. कापड गजानन मार्केटमध्ये, कपाट-पलंग फर्निचर बाजारात, आणि निघताना दाल पकवान. आईबरोबर त्या बाजारात गेलेली प्रत्येक मुलगी घासाघीस तिथेच शिकली. पहिला पाऊस पडला की शनिवार-रविवारी पाठीवर सॅक लावलेली पोरं बदलापूरला उतरतात. अमावास्येच्या आसपास आकाश बघणारे वांगणीला जातात. हे सगळे पाहुणेच. ते चहा पितात, रिक्षा करतात, प्रसाद घेतात, कचरा टाकतात, आणि त्यांना स्वच्छतागृह लागतं. इंग्रजीत आता यालाच "व्हिजिटर इकॉनॉमी" म्हणतात. मी येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चालणारं गावाचं पोट म्हणते.

आणि या पोटाला मालक किती आहेत बघा. शिवमंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. मंदिराबाहेरचा रस्ता अंबरनाथ नगरपरिषदेचा. शेजारून वाहणारी वालधुनी खाली उल्हासनगर महापालिकेच्या हद्दीत जाते, आणि तिच्यात काय सोडलं जातं ते बघणारं प्रदूषण नियंत्रण मंडळ तिसरं. बारवी धरण एमआयडीसीचं. बदलापूरला कुळगाव-बदलापूर नगरपरिषद. डोंगर वनखात्याचा, पायथ्याला ग्रामपंचायती. माणसं आणणारी रेल्वे. मनाई लावणारे जिल्हाधिकारी. यातला एकही कोणाचं ऐकायला बांधील नाही. आपण त्या सगळ्यांचा एक अध्यक्ष निवडणार, आणि तो अध्यक्ष कोणाला आदेश देणार?

यातली नदी सगळ्यात अवघड आहे. ती मंदिराला लागूनच आहे, तिला वगळून कुठलंही माहितीपत्रक खोटं ठरेल. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस वालधुनीत सोडलेल्या रसायनांचा वायू उल्हासनगरात पसरला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात जावं लागलं. उमा-महेश्वराची शिल्पं बघायला आलेला पाहुणा नाकाला रुमाल लावून उभा असतो, तेव्हा आपण त्याला शिलाहारांचं वैभव सांगत असतो. मंचावर उद्या कारखानदार आले, वर्गणी देऊ म्हणाले, तर त्यांच्यासमोर नदीचं नाव काढणारं कोणीतरी हवं. हारतुऱ्यांची सवय लागलेला माणूस हे करत नाही.

देवळाबद्दल एक गंमत सांगते, माझ्या धंद्यातली आहे. शिलालेखावरून या देवळाचं साल आपण शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० धरतो. पण हा लेख पहिल्यांदा वाचला गेला तेव्हा तो आकडा ७८२ असा लावला होता. एका अंकाने देऊळ दोनशे वर्षांनी म्हातारं झालं! नंतर पुन्हा नीट वाचून दुरुस्त झालं. दुरुस्ती झाली कारण मूळ दगड जागेवर होता आणि पुन्हा जाऊन बघणारा माणूस होता. माझ्या नकाशाकडे असा पुन्हा बघणारा नव्हता.

मध्यंतरी कंपनीच्या कामासाठी मी काही महिने इंग्लंडमध्ये, न्यूकॅसलला होते. तिथे टाइन नदी आहे. अलीकडे न्यूकॅसल, पलीकडे गेट्सहेड. दोन गावं, दोन नगरपालिका, आणि एकमेकांना नावं ठेवण्याची जुनी परंपरा. आपण अंबरनाथकर बदलापूरला "लांब आहे हो ते" म्हणतो, तशी. २००० साली या दोघांनी मिळून बाहेरच्या लोकांना बोलवण्यासाठी एक संस्था काढली आणि दोन्ही नावं जोडून एकच शब्द केला, न्यूकॅसलगेट्सहेड. मधे जागा नाही, जोडरेघही नाही. २००८ ची युरोपची सांस्कृतिक राजधानी होण्याच्या स्पर्धेत त्यांनी एकत्र अर्ज केला. हरले, मान लिव्हरपूलला मिळाला. आपल्याकडे असता तर दुसऱ्या दिवशी "तुमच्यामुळे गेलं" सुरू झालं असतं. त्यांनी संस्था मोडली नाही. नदीकाठच्या जुन्या पिठाच्या गिरणीत कलादालन उघडलं होतं, पादचारी पूल झाला होता, पुढे संगीतसभागृहही झालं. मी रोज त्या पुलावरून चालत जायचे आणि मला आपला विमकोचा भोंगा आठवायचा.

तिथलंही सगळं गोड नव्हतं. देशभर अशा दीडशेच्या आसपास संस्था झाल्या होत्या. हद्दी एकमेकांत घुसलेल्या, पाहुण्याला कोणाकडे विचारावं कळेना. सरकारने एक पाहणी करवली, तिचा अहवाल २०२१ मध्ये आला, आणि मग ठरलं की मोजक्याच भागीदाऱ्यांना मान्यता द्यायची. त्यांनी आपापल्या भागातल्या नगरपालिका, दुकानदार, हॉटेलवाले, संग्रहालयं यांना एकत्र घेऊन काम करायचं. उत्तर-पूर्वेचा तो भाग पहिल्या प्रयोगासाठी निवडला गेला. मला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटलं. तिथे संचालक मंडळ असतं, अध्यक्षही असतो, पण सकाळी नऊला येऊन दिवा लावणारा एक पगारी माणूस असतो. फोन तो उचलतो. पूल बंद असेल तर हॉटेलांना तो कळवतो.

"ते इंग्लंड आहे" असं म्हणायला दोन हात वर होताना मला दिसताहेत. बरं, आपल्याकडचं सांगते. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. २००६ साली कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले. गावात हॉटेल नव्हतं. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरले, घरच्या बायकांनी रांधलेलं जेवले. मी मुलीला घेऊन गेले होते. ज्यांच्या घरी राहिलो त्या काकू म्हणाल्या, "पिल्लं निघतील का ते सांगता येत नाही, आमटी मात्र नक्की मिळेल." आणि मला सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचं. संस्थेने हळूहळू काम गावाच्या आणि वनखात्याच्या हाती दिलं आणि स्वतः बाजूला झाली. पुढारपण घ्यायला सगळे तयार असतात, ते परत देणारे मी थोडे पाहिलेत.

आपल्या ग्रुपवर तोडगा म्हणून फिरतं अध्यक्षपद सुचवलं आहे. एक वर्ष अंबरनाथ, एक उल्हासनगर, एक बदलापूर. मला हे पटत नाही. प्रत्येक जण आपल्या वर्षाची वाट बघत बसेल, आणि दुसऱ्याच्या वर्षी बैठकीला येणार नाही. दुसरी सूचना आहे की एखाद्या लोकप्रतिनिधीला अध्यक्ष करावं म्हणजे कामं होतील. होतील, खोटं कशाला बोलू. देवळाच्या परिसरासाठी पैसा आला तो राजकीय इच्छेशिवाय आला नाही, कला महोत्सवाला जी गर्दी होते तीही मी पाहिली आहे. पण निवडणुका झाल्या की फलक बदलतात. आपल्याला फलक बदलला तरी चालू राहील असं काहीतरी हवंय.

माझ्या कामात असे प्रकल्प असतात जिथे शेकडो माणसं देशोदेशी बसून, एकमेकांना न पाहता, एकच प्रणाली लिहितात. कोणी कोणाचा साहेब नसतो. तरी एक माणूस असतो जो आलेली प्रत्येक ओळ वाचतो, चुकीची परत पाठवतो, कारण सांगतो, आणि रात्री काही मोडलं तर उठतो. त्याला शिव्याही तोच खातो. लोक त्याचं ऐकतात, कारण तो सगळं वाचतो हे त्यांना ठाऊक असतं. मी म्हणते तसं पुढारपण हे आहे. पत्रिकेत छापायला ते फारसं शोभत नाही.

मग आपल्याकडे हे कोणी करावं? २७ जुलै २०१९ ची पहाट आठवा. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. एक हजार पन्नासच्या आसपास प्रवासी. आपत्ती दलाच्या बोटी आल्या, नौदल आलं, रेल्वे, पोलीस, नगरपालिका सगळे आले. आणि आजूबाजूच्या गावातली माणसं आली, चहा-बिस्किटं घेऊन, वाट दाखवायला, हात धरायला. प्रवाशांना बाहेर काढून बदलापुरात मंगल कार्यालयात नेलं, जेवू घातलं. एकही जीव गेला नाही. तेही पाहुणेच होते, न बोलावता आलेले. त्या दिवशी कोणी अध्यक्ष कोण असं विचारलं नाही. ही सगळी खाती एकत्र काम करू शकतात, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. एरवी त्यांना एकत्र बोलवणारं कोणी नसतं, इतकंच.

म्हणून माझी सूचना. अध्यक्षपद वर्षभर रिकामं ठेवू. आपल्या तुकडीत साठ जण कमावते आहेत. महिन्याला प्रत्येकी तीनशे रुपये काढले तर अठरा हजार होतात. त्यात इथलीच एक पदवीधर मुलगी किंवा मुलगा अर्धवेळ नेमता येईल. पगारी, कारण फुकट काम करणाऱ्याला "आज का नाही केलंस" असं विचारता येत नाही. वर्षभर तिने तीन-चार गोष्टी कराव्यात. येणारे किती, कुठून, ते मोजावं. कुठल्याही कार्यालयात आपल्याकडे येणाऱ्यांचा आकडा मागितला की अंदाज मिळतो, मोजणी मिळत नाही. स्टेशनपासून देवळापर्यंत बाईमाणसाला वापरता येईल असं स्वच्छतागृह कुठे आहे, त्याची यादी करावी आणि दर महिन्याला स्वतः जाऊन बघावं. मनाईचा आदेश निघाला की त्याच दिवशी तो नकाशावर चढवावा. आणि कोंडेश्वरच्या बाजूच्या गावातल्या, पाणी ओळखणाऱ्या माणसांना वाटाडे म्हणून बरोबर घ्यावं, ठरलेल्या दराने. काठी पुढे करणाऱ्याला मोबदला मिळाला पाहिजे. काससारख्या पठारावर दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालून आसपासच्या गावांच्या समितीने शुल्क घेणं सुरू केलं, तिथे फुलं बघायला लोक रांग लावतातच. इथे निदान "आज नको, परवा या" असं सांगणारा माणूस तरी उभा करू.

उल्हासनगरच्या मित्रांनी काल मला विचारलं, "यात आमचं काय? आम्हाला ना देऊळ, ना धबधबा." अरे, तुमच्याकडे तर गोष्ट आहे! लष्कराच्या ओसाड बराकींत फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं उतरली, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते शहराची कोनशिला बसली, आणि अजून आपण पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक ते पाच असंच म्हणतो. बाजारात आलेल्या किती जणांना हे माहीत असतं? कॅम्पातून फिरवून ही गोष्ट सांगणारे आजोबा अजून आहेत. त्यांना फार वाट बघायला लावू नये. ते काम सगळ्यात आधी घ्यावं असं माझं मत आहे, देवळाच्याही आधी. देऊळ हजार वर्षं थांबलंय, अजून थोडं थांबेल.

नकाशा मी पुन्हा करून देईन. एका अटीवर: त्याच्याकडे रोज बघणारं माणूस आधी नेमायचं, मग नकाशा. उलटा क्रम मी एकदा करून पाहिला आहे.

आणखी एक. गेल्या महिन्यात मी भोजला जाऊन आले. तीस वर्षांपूर्वीच्या त्या माणसाची चौकशी केली. नाव ठाऊक नाही, गुरं होती, लांब काठी होती, एवढीच खूण. चहाच्या टपरीवरचे बाबा हसले. म्हणाले, "ताई, असे आम्ही सगळेच. दर पावसाळ्यात एक-दोघांना काढतो. नाव कोण विचारतं?" मी त्यांचं नाव आणि फोन नंबर घेऊन आले. आणखी दोघांनी यायला होकार दिला आहे, त्यांची पुढच्या रविवारी अकरा वाजता शाळेच्या याच सभागृहात आपल्याबरोबर बैठक आहे. दुसऱ्या रांगेतल्या सद्गृहस्थांनी चहाचा खर्च उचलावा.

वर्गणीची वही बाईंकडे दिली आहे. बाईंना चुकवून जेवणाच्या हॉलमध्ये जाता येणार नाही, दार त्यांच्या खुर्चीमागेच आहे.